हद्दीचा कागद येण्याआधी

पोरांनो, शहर बांधावर येतं तेव्हा सगळ्यात आधी एक कागद येतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात एक उद्घोषणा छापली जाते. अमुक गावाचे अमुक गट नंबर नगरपरिषदेच्या हद्दीत घेण्याचा शासनाचा इरादा आहे, हरकती असतील तर इतक्या दिवसांत कळवा, एवढाच मजकूर. एक प्रत चावडीच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते आणि दोन पावसात भिजून खाली पडते. आपली निम्मी माणसं त्या वेळी मुंबईत, डोंबिवलीत, नालासोपाऱ्यात असतात. त्यांना कळतं तेव्हा मुदत उलटलेली असते. म्हणून मी जे सांगणार आहे ते कागद येण्याआधी करायचं आहे. नंतर सांगून उपयोग नाही.

महाडकडे बघा. एका अंगाला सावित्री, दुसऱ्या अंगाला गांधारी. २००५ चा पूर पाहिला, २२ जुलै २०२१ चा तर अजून भिंतींवर दिसतो. जो तो आता उंचावरची जागा शोधतो आहे. त्यात महामार्ग रुंद झाला, बिरवाडीकडे औद्योगिक वसाहत आहे, वीरला रेल्वे थांबते. शहराला पसरायचं म्हटलं तर नांगलवाडी, चांभारखिंड, लाडवली, गंधारपाले, करंजखोल याच दिशा उरतात. पोलादपूरचं निराळं. तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायती मोडून नगरपंचायती करायचं सरकारनं २०१४ साली ठरवलं, त्यात पोलादपूर गेलं. ज्यांची भाताची खाचरं तिथं आहेत ते रात्रीत नगरपंचायतीचे शेतकरी झाले. उद्या महाडची हद्दवाढ निघो, पोलादपूरची निघो, आज नाही निघाली तर दहा वर्षांनी निघेल. शहर वाढू नये असं माझं म्हणणं नाही. पुरात बुडणाऱ्या माणसांनी उंचावर जायलाच हवं. पण ज्याला अजून पंधरा वर्षं भात लावायचा आहे, त्याला तेवढी मुदत मागता आली पाहिजे, आणि ती कशी मागायची हे ठाऊक पाहिजे.

अमेरिकेत टेक्सास राज्यात यासाठी कायदाच आहे. २००७ साली त्यांनी ठरवलं की शेतीची म्हणून करआकारणी होते ती जमीन शहराला हद्दीत घ्यायची असेल, तर शहरानं आधी त्या मालकापुढे करार ठेवला पाहिजे. मालक लिहून देतो की मी शेतीच करीन, प्लॉट पाडणार नाही. शहर लिहून देतं की तोवर तुला हद्दीत घेणार नाही. असा करार नूतनीकरण करत एकूण ४५ वर्षांपर्यंत नेता येतो. मालकानं मध्येच प्लॉट पाडायचा अर्ज दिला की शहराचा शब्द सुटला, मग ते जमीन हद्दीत घ्यायला मोकळं. पुढे २०१९ मध्ये तिथे बहुतेक ठिकाणी लोकांच्या संमतीशिवाय हद्दवाढ करणंच बंद झालं.

आपल्याकडे असा करार कायद्यात नाही. आपला महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ चा. त्यात हद्द ठरवण्याचा अधिकार शासनाचा. उद्घोषणा, हरकती, जिल्हाधिकाऱ्यांचा अहवाल, मग अंतिम अधिसूचना, असा क्रम. एकट्या शेतकऱ्याशी नगरपरिषद करार करेल आणि शासन त्यानं बांधलं जाईल, अशी सोय नाही. कोणी एजंट येऊन म्हणाला की साहेबांशी बोलून तुझा गट वगळून देतो, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पण टेक्सासच्या त्या करारात एक गोष्ट आहे जी कायद्याशिवायही आपल्या हातात आहे: मुदत त्यालाच मिळते जो जमीन शेतीखाली ठेवतो आणि ठेवीन असं लिहून देतो. आपण सगळ्यांनी मिळून तेवढं आधीच करून ठेवलं, तर हरकतीच्या दिवशी आपल्या हातात नुसत्या तक्रारीपेक्षा जास्त काही असेल.

आधी एक गैरसमज दूर करतो. गावात म्हणतात, ग्रामसभेनं ठराव केला, आता काही होत नाही. ठराव करायचाच, तो कसा ते पुढे सांगतो. पण त्यावर विसंबून झोपायचं नाही, आणि हे महाडच्या माणसाला तरी सांगावं लागू नये. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याच्या बोले ठरावानंतर १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, ओंजळभर पाणी मात्र मिळेना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर चालत जावं लागलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. पुढे कोर्टात भांडून निकाल लागला तो १९३७ मध्ये. एका सभेनं केलेलं दुसरी सभा मोडू शकते. म्हणून आज कोणी नगराध्यक्ष भर सभेत म्हणाला की तुमची शेतं आम्ही पंधरा वर्षं घेणार नाही, तर त्याला हात जोडा, ते लेखी घ्या, आणि तरीही स्वतःची तयारी चालू ठेवा.

दुसरा गैरसमज असा की आत गेलो आणि नाही पटलं तर बाहेर पडू. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांकडे बघा, आपल्याच कितीतरी भाऊबंदांची घरं तिथं आहेत. १९८३ ला महापालिकेत घातली, २००२ ला वगळली, २०१५ ला पुन्हा घेतली, २०२० च्या मार्चमध्ये १८ गावं पुन्हा वगळली आणि त्याच डिसेंबरात उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. एवढ्या ये-जा करण्यात मधल्या वर्षांत कोणाचंच नियंत्रण राहिलं नाही आणि शेतांवर परवानगी नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या. पुण्याजवळची फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ ला महापालिकेत गेली. करपट्टी परवडेना म्हणून बाहेर पडायची मागणी झाली, ती मान्य झाली, आणि २०२४ ला बाहेर पडली ती थेट स्वतंत्र नगरपरिषद होऊन. ग्रामपंचायत काही परत आली नाही. म्हणून सांगतो, जोर लावायचा तो आत जाण्याआधी.

कोल्हापूरचं उदाहरण मात्र नीट समजून घ्या. तिथे १९७२ ला महापालिका झाली आणि त्यानंतर कित्येक दशकं हद्द तसूभर वाढली नाही, कारण भोवतालच्या ऊसवाल्या गावांनी दर वेळी एकजुटीनं विरोध केला. शेवटी २०१७ मध्ये मधला मार्ग निघाला. ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. गावं ग्रामपंचायतीतच राहिली, बांधकामाचं नियोजन प्राधिकरणाकडे गेलं. ते सुखाचं झालं असं नाही. प्राधिकरणाकडे पैसा नाही म्हणून गावं कुरकुरतात आणि शहर म्हणतं आमचा श्वास कोंडला. पण मुदत मिळाली हे खरं. ती का मिळाली? ऊस उभा होता, पाणी संस्था होत्या, कारखान्याच्या नोंदी होत्या. जमीन शेतीची आहे हे कोणाला सिद्ध करावं लागत नव्हतं.

आपलं दुखणं इथं आहे. आपली जमीन शेतीची आहे हे आपल्याला सिद्ध करावं लागेल, कारण निम्मी जमीन पड आहे.

सातबारा काढा आणि गाव नमुना बारा वाचा. वरचं नाव वाचून पान मिटू नका, खाली पिकांच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. भात, नाचणी, वरी लिहिलंय, की पड लिहिलंय? पाच वर्षं सलग पड असेल तर शेतकरी म्हणून मुदत मागायला उभं राहिल्यावर समोरचा अधिकारी तोच कागद तुमच्यापुढे सरकवेल. आणि तो चुकला असं म्हणता येणार नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. आपल्या मोबाइलवरून शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि पीक स्वतः नोंदवायचं. आमच्या वाडीतल्या एका सुनेनं पहिल्या वर्षी सगळ्या भाऊकीची नोंद करून दिली, कारण बाकीच्यांना लॉगिन जमेना. चढणीवरच्या खाचरात रेंज येत नाही, म्हणून ती फोटो काढून वरच्या देवळापाशी जाऊन पाठवायची. अशी एक मुलगी नाहीतर मुलगा प्रत्येक वाडीत ठरवा. हंगामाची मुदत संपली की नोंद राहून जाते आणि मग तलाठ्याच्या मागे फिरावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. शहराची विकास योजना करताना आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करतात. माणसं येऊन बघतात की घर कुठं, दुकान कुठं, शेत कुठं, मोकळी जागा कुठं. ही माणसं पावसात चिखल तुडवत येत नाहीत, ती येतात उन्हाळ्यात. आता आपलं भाताचं खाचर मार्चमध्ये कसं दिसतं? कापणी होऊन चार महिने झालेले, जमीन भेगाळलेली, बांध गुरांनी तुडवलेले, पोरांनी मध्ये क्रिकेटची खेळपट्टी केलेली. बाहेरच्या माणसाला ते मोकळं मैदान वाटणारच. मैदान दिसलं की त्यावर बाग, शाळा, बाजार यांची आरक्षणं पडायला सोपी. म्हणून जिथं ओल टिकते तिथं भातानंतर वाल घाला, पावटा घाला, हरभरा घाला, नदीकाठी कलिंगड करा. वालाचं पीक फार कष्ट मागत नाही, पाणीही मागत नाही. आणि जिथं खरंच दुसरं पीक येत नाही तिथं निदान बांध बांधलेले ठेवा, राबाची जागा वापरात ठेवा, वरकसात आंबा-काजूची कलमं लावून त्यांचीही नोंद करा. शेत वर्षभर शेतासारखं दिसू द्या.

मुंबईकरांचं काय, हा प्रश्न येणारच. त्यांना सुट्टी मिळत नाही आणि इथं मजूर मिळत नाही. मग शेत दुसऱ्याला द्यायला काय हरकत आहे? हरकत एकच, कूळ लागेल ही भीती. आपल्या आजोबांनी खोती पाहिली, मग कूळकायदा पाहिला, त्यामुळे ही भीती रक्तात आहे. पण कायदा नीट वाचा. १९४८ च्या कूळकायद्यात मालकाच्या कुटुंबातला माणूस जमीन कसत असेल तर तो कूळ ठरत नाही, आणि मजुरीवर ठेवलेला गडीही नाही. म्हणून कुटुंबातलाच जो गावात राहतो त्याला कसू द्या. त्याला बियाण्याचे, नांगरटीचे, लावणीच्या मजुरीचे पैसे वेळेवर पाठवा आणि वर्षाच्या हिशेबाचा कागद करा. वेगळ्या घरातल्या चुलतभावाला किंवा बाहेरच्याला द्यायचं असेल तर आधी वकिलाकडून करारनामा लिहून घ्या. तोंडी अर्धेलीवर देऊन वीस वर्षं विसरून जाणं, यातूनच भांडणं झाली आहेत.

आता भाऊकीचा करार. हा मी सगळ्यात वर धरतो, कारण शहर आपल्यापर्यंत पोचतं ते बहुतेक वेळा आपल्याच एखाद्या हिस्सेदाराच्या सहीतून. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली चार वारलेली, दोन आत्या लग्न होऊन माणगावला नाहीतर खेडला गेलेल्या, एक काका ठाण्यात कर्जात अडकलेला. एजंट गावात फिरत नाही, तो ठाण्याला जातो. काकाचा अविभक्त हिस्सा घेतो, मग वाटपाचा दावा लावतो आणि रस्त्याकडेचा तुकडा मागतो. तिथं प्लॉट पडले, दोन घरं झाली, की बाकीच्या शेताला शेत म्हणणं कठीण.

यावर दोन उपाय. पहिला कायद्यातलाच आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २२ व्या कलमानुसार वर्ग एकच्या वारसांना एकत्र मिळालेल्या मालमत्तेतला हिस्सा कोणी विकायला काढला तर बाकीच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क आहे. हे शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. ठाऊक असतं तर काकाला आपण आधी विचारलं असतं, त्याचं कर्ज फेडायला चौघांनी मिळून पैसे उभे केले असते.

दुसरा उपाय आपण करायचा. करारनामा लिहा: अमुक गट नंबर, अमुक हिस्सेदार, आम्ही दहा वर्षं ही जमीन शेतीखाली ठेवू, अकृषिक वापर मागणार नाही, भराव टाकणार नाही, कोणाला विकायची झाली तर आधी एकमेकांना लेखी विचारू आणि तीन महिने थांबू, किंमत अशी ठरवू. कायमची बंदी लिहू नका, ती कोर्टात टिकायची नाही. मुदत लिहा, आणि मुदत संपल्यावर पुन्हा बसून ठरवायचं असंही लिहा. योग्य मुद्रांकावर करा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. त्याआधी वारस नोंदी पूर्ण करून घ्या. मेलेल्या माणसाच्या नावावर करार होत नाही. आणि बहिणींच्या, आत्यांच्या सह्या घ्या. त्यांच्या नावाची कागदावर आठवण फक्त हक्कसोडीच्या वेळी येते, ही आपल्या भागाची जुनी खोड आहे. ज्या बाईला दहा वर्षं कोणी शेताचा तांदूळ पाठवला नाही, तिनं या कराराला का सही करावी? आधी तिचा वाटा तिला द्या. मग बघा ती सही कशी आनंदानं करते.

करारात भराव टाकणार नाही हे कलम मी मुद्दाम घातलं. शहराशी बोलताना आपल्या हातातलं सगळ्यात मोठं नाणं हेच आहे. सावित्रीला पूर येतो तेव्हा पाणी कुठं पसरतं? काठच्या खाचरांत. दासगावच्या खाडीकडे उतरताना ते पाणी थोपतं, आणि जितकी खाचरं भरावानं उंच झाली तितकं ते महाडच्या बाजारपेठेत शिरतं. २०२१ नंतर सरकारनं नदीतला गाळ काढायला घेतला तो यासाठीच. म्हणून शहराकडे जाताना नुसतं आमची जमीन घेऊ नका असं म्हणू नका. म्हणा, आम्ही इतके एकर पाण्यासाठी मोकळे ठेवतो, भराव टाकणार नाही असा नोंदवलेला करार आमच्याकडे आहे, त्या बदल्यात पंधरा वर्षं हद्दीत घेऊ नका, आणि घ्यायचंच झालं तर या गटांना शेती विभागात ठेवा. ही मागणी नगरपरिषदेनं ठरावात घेऊन शासनाला शिफारस करावी, असं लेखी मागा. देईल न देईल. पण बाजारपेठेतल्या दुकानदारानं पुराच्या रात्री दुकानात डोक्याइतकं पाणी पाहिलंय. त्याला हे एकदा सांगा, तो तुमच्या बाजूनं बोलेल. पूररेषेचे नकाशे पाटबंधारे खात्याकडे असतात. निळ्या आणि लाल रेषेत आपले कोणते गट येतात ते माहितीच्या अधिकारात मागून आधीच काढून ठेवा. त्याच वेळी प्रादेशिक योजनेत आपला गट कोणत्या विभागात आहे याचा झोन दाखला अलिबागच्या नगररचना कार्यालयातून घ्या.

ग्रामसभेचा ठराव असा करा. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यातली कमी असेल ती संख्या. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. बहुतेक ठराव असे दहा-बारा माणसांत होतात. हद्दीचा ठराव तसा होऊ देऊ नका. पहिल्याच सभेला माणसं जमवा, ठरावात गट नंबर, क्षेत्र, पिकं घाला, आणि वाचून दाखवल्यानंतरच सह्या करा. कोऱ्या रजिस्टरवर सही करू नका. त्याच सभेत गावाच्या सामायिक गोष्टींची यादी करून घ्या: स्मशान, पाणवठे, गुरचरण, देवळाची सहाण, वाडीची पायवाट. हद्दीत गेल्यावर ग्रामपंचायतीची मालमत्ता नव्या संस्थेकडे जाते, आणि जे यादीत नाही त्याचा मागमूस राहत नाही.

उद्घोषणा आलीच, तर हरकतीची मुदत साधारण ३० दिवसांची असते. पण छापील कागदातली तारीख प्रमाण धरा. हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची. एका कागदावर पाचशे सह्या घेऊन गावानं एक हरकत द्यावी आणि शिवाय प्रत्येक खातेदारानं आपली वेगळी द्यावी. वेगळ्या हरकतीत दोनच गोष्टी लिहा, माझा गट आणि मी तिथं काय पिकवतो. सोबत सातबारा, पीक पाहणीची नोंद, भाऊकीचा करार, पूररेषेचा नकाशा. हद्दवाढीनं अन्याय होईल, संस्कृती बुडेल असं दोन पानं लिहिलेलं कोणी वाचत नाही.

पोच घ्यायला विसरू नका. दोन प्रती न्या. टेबलावरच्या माणसानं दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारला, तरी तिथून हलू नका. शिक्क्यात तारीख उमटली आहे का बघा, कारण कधी शाई संपलेली असते. आवक क्रमांक पेनानं लिहून घ्या, खाली त्याची सही घ्या, आणि तिथल्या तिथे मोठ्यानं वाचा. मग दारातच मोबाइलवर फोटो काढून मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर टाका. सुनावणी लागली तर हीच पोच दाखवून बोलायला उभं राहता येतं. वर्षभरानंतर कोर्टात जायची वेळ आली, तर वकील पहिल्यांदा हीच मागतो.

एवढं सगळं करून गाव हद्दीत गेलंच, तर खचू नका. शेती तिथंही करता येते, फक्त भांडण बदलतं. वाढीव हद्दीसाठी विकास योजना होते, तिच्यावर पुन्हा हरकती मागवतात. तिथं शेती विभाग मागा. आरक्षण पडलंच तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं १२७ वं कलम लक्षात ठेवा: योजना मंजूर होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर आपण खरेदी सूचना देऊ शकतो, आणि २४ महिन्यांत काही पाऊल उचललं नाही तर आरक्षण रद्द होतं. सूचना दिल्याशिवाय काही रद्द होत नाही, कितीही वर्षं गेली तरी. करपट्टीबाबत पुण्यात समाविष्ट गावांना पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दरानं आणि मग टप्प्याटप्प्यानं पूर्ण दराकडे नेलं, ते दाखवून तसेच टप्पे मागा. आपल्याच जिल्ह्यात पनवेलला २०१६ ला महापालिका झाली, २९ गावं आत गेली आणि मागच्या वर्षांच्या कराची बिलं एकदम आली तेव्हा लोकांना रस्त्यावर यावं लागलं. कर कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या दरानं, हे हद्दीत जाण्याआधीच लेखी विचारा. ग्रामीण भागासाठीच्या कोणत्या योजना थांबणार तेही विचारा. ज्याचं घरकुल मंजूर आहे त्यानं ते आधी बांधून घ्यावं.

आणि कधीतरी अशी वेळ येईल की शेती खरंच परवडणार नाही, पोरं परत येणार नाहीत. त्या वेळी एकेकट्यानं एजंटाला देऊ नका. हडपसरला मगर कुटुंबांनी काय केलं ते वाचा. त्यांची शेतं शहरीकरणासाठी राखलेली होती, आज ना उद्या जाणारच होती. तर सुमारे १२० कुटुंबांनी साधारण ४०० एकर एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकारानं स्वतःची कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितके त्याचे समभाग, आणि मगरपट्टा नगर स्वतः उभं केलं. आपल्याकडे पुण्याएवढा पैसा नाही, चारशे एकर सपाटीही नाही. पण एकत्र राहिलेल्या जमिनीला भाव वेगळा असतो आणि शब्दाला वजनही वेगळं असतं. भाऊकीचा करार आज शेतीसाठी केलात तर तोच उद्या यासाठी कामाला येतो.

आता वेळेचं. २०२७ च्या जनगणनेसाठी गावांच्या आणि शहरांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या आहेत. जनगणना होईपर्यंत हद्दी सहसा बदलत नाहीत. ती झाली की नवी लोकसंख्या दाखवून राज्यभर हद्दवाढीचे प्रस्ताव निघतील, असं मला वाटतं. आपल्याला मिळालेली मुदत ही एवढीच आहे, आणि ती कोणी न मागता मिळाली आहे. तिचा उपयोग करा. वारस नोंदीला महिने लागतात, म्हणून त्या शिमग्याला आलात की सुरू करा. मृत्यूचे दाखले मुंबई महापालिकेतून काढायचे असतील तर मुंबईच्या मंडळानं दोन माणसं नेमावीत. लावणीच्या दिवसांत ई-पीक पाहणीची जबाबदारी ठरवा. करारनाम्याचा मसुदा श्रावणात वकिलाकडून करून सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे भांडायचं ते फोनवर भांडून होईल. गणपतीत सगळे येतात, आत्याही माहेरी येतात. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयं उघडी असतील का ते आधी बघून घ्या, निबंधकाकडे वेळ ठरवून ठेवा, प्रत्येकानं मूळ आधार कार्ड आणावं, आणि सोबत दोन साक्षीदार असावेत. परतीच्या गाड्या सुटायच्या आत सह्या आणि अंगठे झालेले असले पाहिजेत.